हातात न घेता गिटार मागवायची का?

मागच्या अंकात गिटारच्या सेटअपवर, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवण्यावर, लिहिलं तेव्हापासून एकाच विषयाची पत्रं सारखी येतायत. परदेशातल्या मेकरकडून आपल्या मापाची गिटार बनवून घ्यायची, पण ती हातात येईपर्यंत वाजवायला मिळणार नाही, पैसे मात्र आधी. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा त्यातली पाच पत्रं इथे घेतलीयत, बाकीच्यांना आपलं उत्तर यातच सापडेल असं वाटतंय.

प्रश्न : ताई, मी नाशिकला असतो, आयटीत आहे, फिंगरस्टाइल, म्हणजे पिक न घेता बोटांनी, वाजवतो, बरीच वर्षं झाली. आत्ताची फॅक्टरी गिटार चांगलीय पण माझा हात छोटा आहे आणि तासभर वाजवलं की डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. कॅनडातल्या एका मेकरचे व्हिडिओ बघून बघून पाठ झालेत, मेलवर बोलणंही झालंय, सव्वा वर्षाची वेटिंग लिस्ट आणि निम्मे पैसे आधी. सगळं मिळून रक्कम ऐकल्यावर बायको म्हणाली एवढ्यात चांगली बाईक येते, आणि आई म्हणते आपण साडीसुद्धा हात लावल्याशिवाय घेत नाही. सरळ सांगा, घेऊ की नको?

उत्तर : सरळच सांगते. नाव लिस्टमध्ये टाका, पण स्पेसिफिकेशन आत्ता पक्कं करू नका. एकट्याने काम करणारे बरेच मेकर आधी जागा राखायला छोटी रक्कम घेतात आणि लाकूड कापायच्या आधी काही महिने बाकीचं ठरवतात, त्यामुळे तुमच्या मेकरला विचारा की निम्मे पैसे आजच हवेत की बांधणी सुरू होताना, आणि बदल कुठल्या तारखेपर्यंत चालतील. मधला जो वेळ मिळेल तो फुकट घालवायचा नाहीये. त्या वेळात स्वतःच्या हाताला काय लागतं ते मिलिमीटरमध्ये माहीत करून घ्यायचंय.

कारण असं बघा, गिटार हाताला कशी लागते आणि कानाला कशी लागते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाताचं जवळजवळ सगळं मोजता येतं, लिहून देता येतं आणि चांगला मेकर ते अर्ध्या मिलिमीटरच्या आत बनवून देतो. कानाचं तसं लिहून देता येत नाही. लोक बरोबर उलटं करतात, मेकरला आवाजावर चार पानी मेल लिहितात आणि नेकबद्दल, म्हणजे डाव्या हातात धरतो त्या दांड्याबद्दल, फक्त ‘कम्फर्टेबल हवी’ एवढंच. मग गिटार येते, आवाज छान असतो आणि हात दुखतो.

हार्डवेअरच्या दुकानातून साधा व्हर्नियर कॅलिपर आणा. आधी तुमच्या गिटारच्या नेकची नटपाशी, म्हणजे डोक्याकडे तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथे, रुंदी बघा. बहुतेक स्टील स्ट्रिंग गिटारींना ४३ नाहीतर ४४.५ मिमी असते, आणि हा दीड मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही पण फिंगरस्टाइल वाजवणाऱ्याला पहिल्या दोन कॉर्डमध्ये कळतो. मग स्केल लेंथ, म्हणजे नटपासून बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट करायचं. मोठ्या बॉडीच्या गिटारींत ते साधारण ६४५ मिमी येतं, छोट्या स्केलच्यात ६३२ च्या आसपास. छोट्या हाताला हा फरक मोठा आहे, कारण पहिल्या चार फ्रेटमधला ताण तिथेच कमी होतो आणि तारासुद्धा थोड्या मऊ लागतात. सॅडलपाशी, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीपाशी, दोन्ही टोकांच्या तारांमधलं अंतर लिहा, ते उजव्या हातासाठी. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची लिहा, फिंगरस्टाइलला जाड ई तारेखाली २.४ आणि बारीक ई तारेखाली १.८ मिमी ही चांगली सुरुवात असते.

आता अंगठा. तुमचं दुखणं मला नटपेक्षा नेकच्या जाडीचं आणि आकाराचं वाटतंय. पुढच्या वेळी तारा बदलाल तेव्हा सगळ्या एकदम काढा आणि पहिल्या फ्रेटपाशी आणि नवव्या फ्रेटपाशी जाडी मोजा, कॅलिपरचा एक जबडा फ्रेटबोर्डवर आणि दुसरा नेकच्या पाठीवर, आवळायचा नाही नाहीतर फिनिशवर ओरखडा येतो. माप फ्रेटवर धरून घेतलंय की दोन फ्रेटच्या मधे तेही लिहा, कारण फ्रेटची उंचीच मिलिमीटरभर असते आणि एवढ्या फरकाने नेक परकी वाटायला लागते. पण नुसती जाडी पुरत नाही. दोन नेक सारख्याच जाडीच्या असतात, एकीचे खांदे भरलेले असतात, एकीचे उतरते, आणि हाताला दोन्ही पार वेगळ्या लागतात. त्यासाठी इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात सोल्डरची जरा जाड तार मिळते ती घ्या, नेकभोवती बोटांनी हलकेच दाबून बसवा, आकार न मोडता काढा आणि कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ मारा. मग तो कागद पट्टीसकट स्कॅन करून मेकरला पाठवा. ‘सी शेप, मीडियम’ या शब्दांपेक्षा त्या रेघेतून त्याला जास्त कळतं.

आणि हे फक्त स्वतःच्या गिटारवर करून थांबू नका. मित्रांच्या गिटारी मोजा, मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत जाऊन वाजवा, दुकानदाराला विचारून मोजा. जी गिटार तासभर वाजवूनही हात दुखला नाही तिची मापं तुमची. सगळ्याच गिटारींवर दुखत असेल तर मात्र दोष गिटारचा नाहीये, आधी फिजिओथेरपिस्टला हात दाखवा आणि गुरूंना बसणं तपासायला सांगा, मग ऑर्डरचं बघू.

आवाजाचं आता. व्हिडिओत तुम्ही जे ऐकताय त्यात मेकर आहे, पण माइक आहे, खोली आहे, नव्या तारा आहेत, आणि वाजवणारा तर आहेच आहे. म्हणून एकच व्हिडिओ शंभरदा बघू नका, त्याच मेकरच्या वेगवेगळ्या गिटारी वेगवेगळ्या लोकांनी वाजवलेल्या ऐका, साध्या मोबाईलवर काढलेल्यासुद्धा. त्या सगळ्यांत जे सारखं येत राहतं ते त्या मेकरचं. ते आवडत असेल तरच त्याच्याकडे जा. ‘मला अमक्यासारखा आवाज द्या’ असं दुसऱ्या मेकरचं नाव घेऊन सांगणं म्हणजे त्याला जे येतं ते करू नको म्हणण्यासारखं आहे, आणि अशा ऑर्डरी फसलेल्या मी दुरुस्तीच्या टेबलावर बघितल्यात.

आपल्याकडे गवई तानपुऱ्यासाठी मिरजेला जातात, तिथे बसतात, आपला सूर सांगतात, जवारी मनासारखी लागेपर्यंत उठत नाहीत. बनवणारा गाणाऱ्याला ऐकतो, ही त्यातली खरी मोलाची गोष्ट. कॅनडाला जाणं नाही जमणार पण ऐकवणं जमेल. तुमचं दहा मिनिटांचं वाजवणं रेकॉर्ड करून पाठवा, हात दिसू द्या, नखांनी वाजवता की बोटाच्या मांसाने, तारा १२ च्या जाडीच्या लावता की ११ च्या, डॅडगॅडसारखं वेगळं ट्यूनिंग किती वापरता, कापो (सूर चढवायला तारा दाबणारा चिमटा) कितव्या फ्रेटपर्यंत जातो, सगळं सांगा. ‘वॉर्म’ आणि ‘ब्राइट’ हे शब्द टाळा, प्रत्येकाचं वॉर्म वेगळं असतं. त्याऐवजी रेकॉर्डिंग पाठवा आणि लिहा की इथला बास मला आवडतो, इथली वरची तार मला टोचते.

लाकडावर भाळू नका, हे मला कळकळीने सांगायचंय, कारण ऑर्डरचे निम्मे पैसे तिथे वाढतात. टॉप, म्हणजे तारांखालची पुढची फळी, महत्त्वाचा, तो कसा घासलाय आणि ब्रेसिंग, म्हणजे आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या, कसंय ते फारच महत्त्वाचं. पण बॅक आणि साइडचं महागडं लाकूड? आजच्या क्लासिकल गिटारचा आकार ज्याने घडवला त्या स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसने १८६२ मध्ये एका गिटारची बॅक आणि साइड चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याची बनवली होती, टॉप तेवढा लाकडाचा, ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आणि २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारी एकाच मेकरकडून एकसारख्या बनवून घेतल्या, फक्त बॅक आणि साइडचं लाकूड वेगळं, ब्राझिलियन रोझवूडपासून स्वस्त सापेलेपर्यंत. ५२ गिटारवादकांनी लाकूड दिसणार नाही अशा बेताने त्या वाजवल्या, आणि स्वस्त-महाग असा काही फरक त्यांना लागला नाही. म्हणून दिसायला आवडतं म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण आवाजाच्या आशेने त्यात पैसे ओतू नका, तेच पैसे चांगल्या केसला आणि इन्शुरन्सला लागतील.

राहिलं एकच, नाही आवडली तर काय. हे आत्ताच लेखी विचारा. काही मेकर गिटार आल्यानंतर थोडे दिवस तपासायला देतात, काही म्हणतात परत पाठवा मी विकून देतो, काही म्हणतात कस्टम म्हणजे परत नाही. पण परत घेतली तरी जाण्याचं भाडं तुमचं आणि इथे भरलेली ड्यूटी परत मिळवणं किचकट काम, त्यामुळे मनाशी धरून चला की ही गिटार तुम्हाला इथेच ठेवायची किंवा विकायची आहे. म्हणजे मग बाराव्या फ्रेटवर स्वतःच्या नावाची अक्षरं बसवून घेऊ नका, ती गिटार दुसरं कोणी घेत नाही. आणि क्रेडिट कार्डाने भरलं की सगळं सुरक्षित असं समजू नका, कार्डाच्या तक्रारीची मुदत थोड्या महिन्यांची असते आणि तुमची गिटार सव्वा वर्षाने येणार, तेव्हा टप्प्याटप्प्याने पैसे आणि प्रत्येक टप्प्याला कामाचे फोटो, हे मागा. मेकरचे जुने गिऱ्हाईक भारतात कोणी आहेत का हेही विचारा. बेंगळुरूत, पुण्यात एखादा निघाला आणि त्याने तासभर वाजवू दिली तर आईंचा आक्षेपच संपला, त्यांना सांगा हात लावून आलो.

प्रश्न : माझ्या भाच्याने अमेरिकेतून गिटार ठरवलीय, इथे कोल्हापूरला येईपर्यंत किती वाढेल? आणि मेकर म्हणतोय मी किंमत कमी दाखवतो, गिफ्ट लिहितो. चालतं का?

उत्तर : चालत नाही, आणि तुमच्याच अंगाशी येतं. इन्शुरन्स दाखवलेल्या किमतीवर मिळतो, त्यामुळे कागदावर दोनशे डॉलर लिहिलेल्या गिटारची नेक वाटेत मोडली तर हातात दोनशे डॉलर येणार. शिवाय कस्टम्सवाले मूर्ख नसतात, मेकरच्या वेबसाइटवर किंमत लिहिलेली असते.

वाढेल किती याचा आकडा मी इथे छापत नाही, दर बदलत राहतात आणि कुरियरने, पोस्टाने, कार्गोने असं वेगवेगळं लागू शकतं. हिशोब कसा चढतो ते मात्र समजून घ्या. आधी गिटारची किंमत, त्यात भाडं आणि इन्शुरन्स मिळवतात, त्या सगळ्या रकमेवर कस्टम ड्यूटी, ड्यूटीवर सरचार्ज, आणि मग या सगळ्याची बेरीज करून त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे भाड्यावरसुद्धा टॅक्स आणि ड्यूटीवरसुद्धा टॅक्स. लोक किमतीवर टक्के लावतात आणि बिल आलं की घाबरतात. भाच्याला सांगा, पाठवायच्या आधी कुरियर कंपनीकडून किंवा कस्टम हाउस एजंटकडून त्या गिटारच्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर, म्हणजे कच्च्या बिलावर, अंदाज लेखी घे, आणि ओळखीचे कागद आधीच देऊन ठेव, म्हणजे केवायसीसाठी खोका गोदामात अडकून पडत नाही. जून ते सप्टेंबर गोदामात अडकलेली गिटार हे मला विचाराल तर ड्यूटीपेक्षा मोठं नुकसान आहे.

कोणी येणार असेल त्याच्याबरोबर आणायची असेल तरी सवलतीच्या वरच्या रकमेवर ड्यूटी आहेच, बिल जवळ ठेवून रेड चॅनलला सांगायचं. आणि विमानात आत नेऊ देतील का हे एअरलाइनला आधी विचारा, सामानात टाकायची वेळ आली तर हार्ड केसशिवाय नको.

प्रश्न : मी मडगावचा, क्लासिकल वाजवतो. ग्रानाडाला एका मेकरकडे ऑर्डर द्यायचं चाललंय, सीडर टॉप, फ्रेंच पॉलिश. तो म्हणतो थोडे जादा पैसे दिलेत तर माझ्याकडे जुनं रिओ रोझवूड आहे, अशी संधी परत येणार नाही. आणि इथल्या पावसाळ्याचं काय करू? ग्रानाडाची हवा आमच्यासारखी नाही.

उत्तर : रिओ रोझवूड म्हणजे ब्राझिलियन रोझवूड, त्याला स्वच्छ नाही म्हणा. ते १९९२ पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. साइट्सचे परवानगीचे कागद लागतात, लाकूड बंदीच्या आधीचं आहे याचा पुरावा लागतो, आणि कागद अपुरा निघाला तर गिटार जप्त होते. उद्या तुम्ही ती घेऊन लिस्बनला वाजवायला निघालात तर पुन्हा तेच. एवढं करून आवाजात काय मिळतं ते वर लिहिलंय.

इंडियन रोझवूड घ्या, म्हणजे आपलं शिसव. २०१७ च्या जानेवारीपासून रोझवूडच्या सगळ्याच जाती दुसऱ्या परिशिष्टात गेल्या होत्या आणि तेव्हा गिटार पाठवणाऱ्यांचे खूप हाल झाले, पण २०१९ च्या नोव्हेंबर अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, ब्राझिलियन सोडून. आणि शिसव हे काही दुय्यम लाकूड नाही. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझिलियन सोडून हेच धरलं ते आजतागायत. दक्षिणेतल्या जंगलांतलं हे लाकूड जगभरच्या कार्यशाळांत जातं, ग्रानाडातल्या तुमच्या मेकरच्या मांडणीवरही असेलच.

पावसाळ्याचा प्रश्न मात्र तुम्ही अगदी योग्य विचारलात, आणि मेकरला पहिल्याच मेलमध्ये हाच विचारायला हवा : टॉपला ब्रेसिंग चिकटवता तेव्हा खोलीत आर्द्रता किती असते? बहुतेक जण ४० ते ५० टक्क्यांत काम करतात. कोरड्या हवेत बांधलेली गिटार ओल्या हवेत आली की टॉप रेषांच्या आडवा फुगतो, ब्रिज, म्हणजे सॅडल बसवलेला आणि तारा बांधलेला लाकडी तुकडा, वर उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात, आवाज जड आणि दबका होतो. उलट ओल्या हवेत बांधलेली गिटार कोरड्यात गेली की तडकते, आणि तडकणं फुगण्यापेक्षा वाईट. म्हणून मेकरला ८० टक्क्यांवर बांध असं सांगू नका, तो ऐकणारही नाही. ४५ ते ५० म्हणत असेल तर उत्तम.

क्लासिकल गिटारला बहुधा ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला आवळता येणारा गज, नसतो, त्यामुळे नेक आवळून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली आणता येत नाही, सगळा भार सॅडलवर. म्हणून ऑर्डरमध्येच हाडाची दोन सॅडल मागा, एक मेकरच्या पसंतीच्या उंचीचं आणि एक मिलिमीटरभर बुटकं. सॅडल एक मिलिमीटर खाली गेलं की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी होतो, आणि जुलैत तेवढंच लागतं. तारा सैल करा, सॅडल बदला, परत लावा. पावसाळा संपला की पहिलं परत. हस्तिदंत, कासवाचं कवच असलं काही नटला, सॅडलला, नक्षीला नको, तेही कस्टम्समध्ये अडकतं.

फ्रेंच पॉलिश म्हणजे लाखेचं पातळ फिनिश. आवाजाला सुंदर, पण घामाने पांढरं पडतं, आणि गोव्यात उजवा दंड टॉपवर टेकला की घाम येणारच. हवं असेल तर फक्त टॉपला फ्रेंच पॉलिश आणि बॅक, साइड, नेक दुसऱ्या टणक फिनिशमध्ये असं करता येतं का विचारा, बरेच मेकर करतात. आणि वाजवताना दंडाखाली सुती कापड.

घरी गिटार केसमध्येच, भिंतीवर टांगलेली नको. केसमध्ये छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, तो महाग नसतो. दोन्हीकडून काम करणारी आर्द्रतेची पाकिटं मिळतात, ४९ टक्क्यांची, पण आपल्या पावसाळ्यात ती लवकर भरून जातात, त्यांच्या जोडीला सिलिका जेल लागतं आणि ते दर थोड्या दिवसांनी गरम करून परत कोरडं करावं लागतं. परवडत असेल तर एका खोलीत डीह्युमिडिफायर, एवढ्या किमतीच्या गिटारला तो खर्च जास्त नाही. आणि कारच्या डिकीत कधीच नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही, उन्हात आतला डिंक सुटतो आणि ब्रिज उखडतो.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगला आहे, पुण्यात. पोलंडमधल्या एका छोट्या कंपनीकडून हेडलेस, म्हणजे वरचं डोकं नसलेली, सात तारांची इलेक्ट्रिक मागवायचीय, मल्टिस्केल, म्हणजे तिरक्या फ्रेटची. इंटर्नशिपचे पैसे साठवलेत, बाबा म्हणतात इथलीच घे. अकूस्टिकइतकाच धोका आहे का यात?

उत्तर : नाही, बराच कमी. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकमध्ये जवळजवळ सगळंच मोजता येतं आणि आवाज नाही पटला तर पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी चुंबकं, बदलता येतात. नेकची मापं वर लिहिलीयत तशीच घ्या, फक्त मल्टिस्केल आधी कुठेतरी वाजवून बघाच, पुण्यात कोणा ना कोणाकडे सापडेल, कारण पंख्यासारखे पसरलेले फ्रेट काहींच्या मनगटाला फार बरे वाटतात आणि काहींना वरच्या पोझिशनमध्ये बार कॉर्ड धरताच येत नाही. सरळ फ्रेट कितव्या क्रमांकावर येतो ते विचारा, तो सातव्याच्या आसपास असला तर दोन्हीकडे जुळवून घेणं सोपं जातं.

वजन लेखी घ्या. ‘लाइटवेट’ नाही, किलोत. फ्रेट स्टेनलेस स्टीलचे मागा, आपल्या घामाला ते टिकतात. आणि हेडलेसचा ब्रिज हा त्या गिटारचा सगळ्यात नाजूक भाग आहे, त्याचे स्क्रू, तार अडकवायचे तुकडे इथे दुकानात मिळत नाहीत, म्हणून ऑर्डरबरोबरच जादाचा एक संच घ्या, नंतर चार स्क्रूंसाठी पोलंडहून कुरियर मागवायची वेळ येते. बाबांना हे सगळं कागदावर लिहून दाखव, ड्यूटीसकट. मुलाने हिशोब केलाय हे बघून बाबांचं मत बदलतं असा माझा अनुभव आहे. नाही बदललं तर त्यांचंही ऐकून घे, इथे आता एकेकटे चांगलं काम करणारे लोक आहेत आणि त्यांच्याकडे जाऊन नेक हातात धरून बघता येते, ते काही कमी नाही.

प्रश्न : ताई, माझी आली. आयर्लंडहून, वर्षभर वाट बघून, गेल्या महिन्यात, नागपूरला. दिसायला इतकी सुंदर की बघतच राहावं. पण आवाज व्हिडिओतल्यासारखा नाही, बारीक वाटतोय, आणि दोन ठिकाणी तार फ्रेटला लागून बझ होतंय. नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचतायत. मेकरला काय लिहू? खूप वाईट वाटतंय, घरात कोणाला बोललेही नाहीये.

उत्तर : आधी घरात बोला, मनातलं ओझं हलकं होईल. आणि मेकरला अजून रागाने काही लिहू नका, कारण तुम्ही सांगताय त्यातलं बरंचसं मला नागपूरच्या हवेचं दिसतंय.

आयर्लंड ओलं, तुमच्याकडे उन्हाळ्यात आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते. लाकूड आखडतं, फ्रेटबोर्ड अरुंद होतो पण फ्रेट धातूचे, ते तेवढेच राहतात, म्हणून टोकं बाहेर येऊन टोचतात. टॉप खाली बसतो, ब्रिज त्याच्याबरोबर खाली जातो, तारा फ्रेटच्या जवळ येतात, म्हणून बझ. तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या असू शकतात. टॉपवर आडवी एक स्टीलची पट्टी ठेवून बघा, ब्रिजच्या मागे टॉपला अगदी हलका फुगवटा असायला हवा, तिथे खड्डा दिसला तर गिटार कोरडी पडलीय. केसमध्ये ओलावा देणारी पाकिटं ठेवा, केस बंद, हायग्रोमीटर ४५ च्या वर येऊन दोन-तीन आठवडे राहू दे. तोपर्यंत फ्रेटची टोकं कानशीने घासून घेऊ नका, कोणी कितीही म्हणालं तरी, आणि ट्रस रॉडलाही हात लावायचा नाही.

त्यानंतर नव्या तारा लावा, मेकर ज्या लावतो त्याच कंपनीच्या आणि त्याच जाडीच्या, त्याला विचारून. गिटार येताना ज्या तारा असतात त्या प्रवासात मेलेल्या असतात. मग खोलीचा पडदा बाजूला करून, समोर रिकामी भिंत ठेवून वाजवा आणि तेव्हाच कोणाला तरी समोर बसवून ऐकायला सांगा, वाजवणाऱ्याच्या कानापर्यंत गिटारचा खरा आवाज येत नाही, तो पुढे जातो. स्प्रूस लाकडाचा टॉप पहिल्या काही महिन्यांत वाजवून मोकळा होतो असं बहुतेक मेकर सांगतात, तेवढा वेळ त्याला द्या.

मेकरला आज एवढंच लिहा : गिटार पोचली, इथे आर्द्रता इतकी आहे, हे फोटो, हे बझचं रेकॉर्डिंग, कुठल्या तारेवर कुठल्या फ्रेटला, मी ओलावा देतेय, पुढे काय करू? तारखेसकट लिहा म्हणजे तपासायची मुदत असेल तर तक्रार वेळेत नोंदली जाते. खोका उघडतानाचे फोटो, व्हिडिओ असतील तर जपून ठेवा, केसवर किंवा गिटारवर मार लागल्याची खूण असेल तर कुरियरला वेगळं कळवा, तेही लगेच, त्यांची मुदत फार कमी असते.

आणि महिन्याभराने ४५ टक्क्यांवर, नव्या तारांवर, व्यवस्थित सेटअप होऊनही नेक हाताला जड लागत असेल तर ते वाट बघून बदलणार नाही. तेव्हा मेकरला मापांसकट लिहा, ठरलेली जाडी एवढी, आलेली एवढी. ठरलेल्यापेक्षा जास्त निघाली तर दुरुस्त करून देणं त्याचं काम आहे, आणि नेक घासून पुन्हा फिनिश करणं इथेही जमतं, फक्त त्याच्या लेखी परवानगीशिवाय करू नका, वॉरंटी जाते. ठरल्याबरहुकूमच निघाली, तर मला तुमची मापं पाठवा, विकायची असेल तर कोणत्या हाताला बसेल ते बघून सांगते.